चुकीच्या पायाचा राक्षस

मी चुकीचा पाय बांधला.

त्या दिवशी एवढंच झालं, हे मी तुला तीन वर्षं समजावत होतो आणि तू तीन वर्षं समजून घ्यायला नकार देत होतास. एकपायी राक्षसाच्या, म्हणजे तुझ्या त्या अबाहीच्या, सगळ्या तालमी मी डाव्या पायावर केल्या होत्या. वेलिंग्टनजवळ अप्पर हटच्या माझ्या घरात महिनाभर सिंकपासून सोफ्यापर्यंत लंगडी घालत हिंडलो होतो. शेजारच्या ग्रेगने कुंपणावरून डोकावून, डॉक्टरकडे सोडू का, असंही विचारलं होतं. आणि प्रयोगाच्या दिवशी, तुझ्या गावी, पामीच्या त्या भाड्याच्या हॉलमागच्या खोलीत आरशासमोर बसून, मी समोरच्या राक्षसाचा उजवा पाय नीट दुमडला आणि मफलरने करकचून बांधला. तो माझा डावा निघाला.

पहिली उडी कशीबशी निभली. दुसरीला स्टेजची कड आली. तिसरी मी हवेतच मारली आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या शिंदेआजींच्या पायांशी साष्टांग आडवा झालो. आजी कराडच्या, मुलाकडे उन्हाळा समजून आलेल्या आणि इथे थंडी बघून हबकलेल्या. अंगावर शाल, पायात मोजे, मोज्यांवर सुनेचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. समोर एक डोळा झाकलेला, एक हात छातीशी बांधलेला, अंगभर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळलेला एक प्राणी पाया पडतोय म्हटल्यावर त्या माउलीने सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "औक्षवंत हो."

हॉलमध्ये हशा फुटला. पण त्या सगळ्या गदारोळात मला ऐकू आलं ते तुझंच हसू. तू मागे दिव्यांच्या बटणांपाशी उभा होतास आणि इतका हसलास की तुझं कोपर लागून हॉलमधले सगळे दिवे गेले. लोकांना वाटलं, नाटक संपलं. अंधारात टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी उत्साहाने आरतीच सुरू केली.

अशा रीतीने तुझ्या नाटकाचा शेवट कुणीच पाहिला नाही. तूही.

घरी जाताना गाडीत तू डोळे पुसत म्हणालास, "अबाहीला दीर्घायुष्याचा आशीर्वाद मिळाल्याची ही पहिलीच वेळ असणार. तिकडे कळवायला पाहिजे."

आता या जुलैत तू गेलास, आणि तिकडे कळवायचं म्हणजे नक्की कुणाला, हेही मला माहीत नाही.

*

हे तुलाच लिहितोय, पण तुझं नाव लिहिणार नाही. तो तुझाच धडा. गेलेल्याचं नाव मोठ्याने घेऊ नये, खाली ऐकू जातं, असं तू सांगायचास. मी तेव्हा म्हणायचो, "खाली म्हणजे कुठे, ऑस्ट्रेलियात?" आणि तू म्हणायचास, "ते शेजारी. मी त्याच्याही खालचं सांगतोय."

इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना तुझं हे खूळ ठाऊक होतं, तरी कुठून आलं ते नीटसं माहीत नव्हतं. मिरजेचा मुलगा. मशिनं दुरुस्त करणारा. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारखान्याच्या नोकरीवर सैबेरियाच्या पार ईशान्येला, याकुतियात जाऊन पडलास. बाहेर उणे पन्नास, आत तू आणि मात्र्योना नावाची साखा म्हातारी, जिच्या घरात तू खोली घेतली होतीस. तिथल्या मूळच्या लोकांना साखा म्हणतात, याकूत हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, हेही तूच सांगितलंस आणि मी दर वेळी चुकल्यावर पुन्हा सांगितलंस.

मात्र्योनाने तुला तिचं जग समजावलं. वरचं, मधलं, खालचं. मधल्यात आपण. खालच्यात अबाही. एक डोळा, छातीच्या मधोमध उगवलेला एक हात, एक पाय, आणि सगळं लोखंडाचं. सूर्यही तिथला टवका उडालेला. त्यांचा राजा अर्सान दुओलाय. त्याचं तोंड डोक्याच्या टाळूवर आणि डोळे कानशिलांवर. ("म्हणजे याला टोपी घालायची झाली तर उपाशी राहावं लागणार," मी म्हटलं होतं. तू मान डोलावून म्हणालास, "म्हणूनच तर भुकेला.") हे अबाही वर येतात आणि माणसाचं 'कुत' चोरून नेतात. कुत म्हणजे जीव. तोही एक नाही, तिघांचा मिळून झालेला. मातीचा एक, हवेचा एक आणि आईकडून आलेला एक. त्यातला एखादा चोरीला गेला की माणूस आजारी पडतो. मग ओझा, म्हणजे तिथला देवऋषी, खाली जातो, घासाघीस करतो, अबाहीला त्याचा वाटा देतो आणि जीव परत आणतो.

तिथे तुला न्यूमोनिया झाला. म्हातारी शेजारणींसमोर तुझा उल्लेख 'कुत्रा' असा करायला लागली. "आमचा कुत्रा पडलाय आत, काही कामाचा नाही." तुला वाटलं, तुझ्या खोकल्याने तिची झोप मोडतेय म्हणून शिव्या घालतेय. मग तिने कानात सांगितलं, अरे, ते ऐकत असतात. चांगल्या नावाचा माणूस उचलतात. कुत्र्याला कोण नेतो? आणि तू तापात उठून बसलास. कारण तुझ्या आजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या पाठची नव्हे, त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव दगडधोंडा आणि नाक टोचलेलं. हे तू मोडक्या रशियनमध्ये तिला सांगितलंस. ती चूल सोडून तुझ्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही येतात तर."

हा किस्सा सांगताना तू दर वेळी इथेच थांबायचास. घरापासून इतक्या लांब, कुणीतरी तुझ्या आजोबांना ओळखलं होतं.

तेव्हापासून तू धोंड्या. मलाही तेच नाव पुरलं.

*

आपली पहिली भेट तू कुणालाही सांगू नयेस म्हणून मी तुला किती लाच दिली असेल. आता मीच सांगतो. दोन हजार अकरा. मी विद्यार्थी, पामीतल्या त्या ओलसर फ्लॅटमध्ये तुझ्या शेजारच्या खोलीत राहायला आलो. अंगात दोन स्वेटर, वर पुण्याहून आणलेली गोधडी. तू हाफपँट आणि जँडल्सवर. "उणे पन्नास बघितलेल्या माणसाला हे म्हणजे महाबळेश्वर," असं म्हणून तू खिडकी उघडलीस, आणि त्या क्षणी मी ठरवलं की हा माणूस आपल्याला नको.

मी खिचडी केली होती. तू ताटात वाढून घेतलीस आणि पहिला घास उचलून, वर तुपाची धार धरून, शेगडीच्या तापलेल्या कॉइलवर ठेवलास. आधी अग्नीला. मात्र्योनाच्या घरची रीत. कॉइल विजेची, हे अग्नीच्या कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं. धूर झाला, छताला लावलेला अलार्म बोंबलायला लागला, आणि मी पासपोर्ट आणि प्रेशर कुकर एवढंच घेऊन रस्त्यावर पळालो. गोधडीसकट. समोरचा डेअरीवाला, म्हणजे इथला किराणावाला, दुकान सोडून बाहेर आला. तू सावकाश मागून आलास आणि विचारलंस, "पासपोर्ट समजलो. कुकर का?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण कुणीतरी आपल्याला इतक्या शांतपणे मूर्ख म्हणू शकतं, हे मला फार आवडलं. परदेशात लोक आपल्याशी सभ्यपणे वागतात रे. सभ्यपणाने माणूस एकटा पडतो.

पुढे मला वेलिंग्टनला नोकरी लागली, मी अप्पर हटला घर घेतलं, सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी गाडीने यायचं. तू पामीतच राहिलास, दुधावर संशोधन करणाऱ्या लोकांच्या थंड खोल्या थंड ठेवत. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. तू म्हणायचास, तुझं कुत तिकडेच राहिलं. मी म्हणायचो, माझ्या कुताला चांगलं स्थळ आलं नाही. रविवारी मी गाडी काढून तुझ्याकडे यायचो. तू काही विशेष करायचा नाहीस. पोहे आणि भांडण.

भांडण एकाच गोष्टीवरून. नाटकाचा शेवट.

मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक तू बसवायला घेतलंस तेव्हा नीलाताई खूश झाल्या. नीलाताई म्हणजे आपल्या मंडळाच्या कायमच्या अध्यक्ष. निवडणूक होते, पण त्याच होतात. नाटक तू कागदावर लिहिलंच नाहीस. तिकडचे गाणारे म्हणे रात्ररात्र तोंडीच सांगतात, म्हणून तूही हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून मुलांना तोंडीच सांगत बसलास. एका मुलीचा जीव अबाही चोरून नेतो. तिची आई खाली जाते. इथवर सगळ्यांना पसंत होतं. मग आई अबाहीला दहीभात वाढते, तो जेवतो, जीव परत देतो आणि घरी जातो. संपलं.

"मरत नाही?" नीलाताईंनी विचारलं.

"नाही."

"अहो, पण गणपतीचा कार्यक्रम आहे. राक्षस मेला पाहिजे."

आणि मी, तुझा मित्र, तुझा प्रमुख राक्षस, मी नीलाताईंच्या बाजूने उभा राहिलो. म्हटलं, धोंड्या, पोरांना टाळ्या वाजवायला काहीतरी हवं ना. राक्षस जेवून जातो हे काय नाटक आहे? हे तर आमच्याकडचे पाहुणे करतात.

तू म्हणालास, "तुझ्या घरी दृष्ट लागली की काय करायचे रे?"

"भात ओवाळून तिठ्यावर ठेवायचे."

"कुणासाठी?"

मी फॉइलची गुंडाळी उलगडायला घेतली.

"त्याला मारायला कुणी काठी घेऊन गेलं होतं का तिठ्यावर? खा बाबा आणि जा, एवढंच. मरत नाही तो. तो आहेच. भुकेला आहे, म्हणून येतो."

तेवढ्यात इथेच जन्मलेल्या एका पोरीने, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तरं इंग्रजीतच येतात, तुला विचारलं, "बट व्हाय इज ही सो हंग्री? डझ ही हॅव नोबडी?" आणि तू, कुठल्याही प्रश्नाला न अडणारा तू, खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडवा बसलास. मग म्हणालास, "गुड क्वेश्चन." आणि तालीम पुढे सुरू केलीस.

तरीही मी माघार घेतली नाही. प्रयोगाच्या सकाळपर्यंत आपण भांडत होतो. आणि मग मी चुकीचा पाय बांधला, आणि प्रश्न त्या दिवसापुरता मिटला. दरवर्षी तू म्हणायचास, पुढच्या गणपतीत पुन्हा करू, या वेळी तुझा पाय मी बांधतो. एका वर्षी हॉल मिळाला नाही. एका वर्षी मुलांच्या परीक्षा आल्या. मग तुझं पोट दुखायला लागलं.

*

हॉस्पिटलच्या काउंटरवर मी गेलो आणि म्हटलं, धोंड्याला भेटायचंय. त्या बाईने गोड हसून स्क्रीनवर शोधलं. या नावाचे कुणी नाही. आडनाव? आडनाव सांगितलं. फर्स्ट नेम? आणि माझं डोकं कोरं झालं. आठ वर्षांच्या मैत्रीत तुझं खरं नाव मला त्या क्षणी आठवेना. मी तिथे उभा, हातात थर्मास, मागे रांग, आणि ती विचारतेय, आर यू फॅमिली? मी म्हटलं, हो, भाऊ. भावाला भावाचं नाव माहीत नाही, हे तिने फार मायेने सोडून दिलं.

तुला सांगितलं तेव्हा तू उशीवरून डोकं उचलून हसलास. म्हणालास, "बघ, नाव काम करतंय. तू फसलास म्हणजे तेही फसतील."

तू इतका वाळला होतास की हसताना खाटेचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा येत होता.

मला खूप बोलायचं होतं. गाडीत वाटेतल्या लेविनपासून जुळवाजुळव करत आलो होतो. पण समोर तू दिसलास की माझ्यातला विदूषक उठून उभा राहायचा. नर्सच्या उच्चारांची नक्कल करून दाखवली. ऑफिसातल्या माझ्या फजित्या सांगितल्या. एक-दोन तर तुझ्यासाठी मुद्दाम करून आलो होतो. एकदा तूच मला मधे थांबवलंस.

"तू राक्षसाला मारायला का निघाला होतास रे?"

"टाळ्यांसाठी."

"तेवढंच?"

मी म्हटलं, "आता काय करायचं सांग. इथे आलाय तर मारायचा ना?"

तू खिडकीकडे बघत म्हणालास, "आलाय तर जेवायला घाल."

"माझ्या हातची खिचडी आणलीय. ती घातली तर तो आपोआप पळेल."

तू हसलास. मीही हसलो. ती खिचडी तू दोन घास खाल्लीस, माझ्यासाठी. थर्मासचं झाकण लावताना मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तीन शब्दसुद्धा नाहीत ते. मी म्हटलं, "रविवारी येतो." तू म्हणालास, "ये." रविवार यायच्या आत तू गेलास, आणि मी तुला नमस्कार करायलाही वाकलो नाही, कारण आपल्यात नमस्काराची पद्धत नव्हती. आपल्यात फक्त टोमण्यांची होती.

*

साखा लोक म्हणतात, ज्याचं काही राहून गेलं तो धड खाली जात नाही, धड वर. त्याचा युओर होतो आणि तो आपल्या माणसांभोवती घुटमळतो. हे तू मला भीती घालायला सांगायचास. आता मी हिशोब करतो की तुझं नाटकाचा शेवट बघायचं राहून गेलंय, म्हणजे तू पात्र आहेस. खरं सांगू? झालास तर माझी काही हरकत नाही. घरात जागा आहे. खिडकी उघडी ठेवली तरी चालेल.

पहिल्या रविवारी मी सवयीने गाडी काढली. लेविनला पोचेपर्यंत मला आठवलंच नाही. तिथल्या बेकरीसमोर थांबलो, नेहमीप्रमाणे दोन पाई घेतल्या, तुझी खिमा भरलेली मिन्स अँड चीज, आणि गाडीत बसल्यावर कळलं. दोन्ही मीच खाल्ल्या. मग गाडी वळवून घरी आलो. पुढच्या रविवारीही तेच केलं, फरक एवढाच की त्या वेळी माहीत असून केलं.

ऑगस्टमध्ये नीलाताईंचा फोन आला. या गणपतीत त्याचं नाटक करू या, त्याच्या आठवणीसाठी. त्यांनी तुझं नाव घेतलं, मी मनात कानावर हात ठेवले. आईचं काम मी करते, म्हणाल्या. मुलं नवीन आहेत, जुनी आता हूडी घालून कोपऱ्यात बसतात. राक्षस अर्थात तुम्ही.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"तो आपण सोपा करू. मुलांमधला एक गणपती होईल, परशू मारेल. लोकांनाही बरं वाटेल. दुःखाचं वातावरण आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाटक कागदावर नाही. आई आणि मुलगी थोडीफार कुणाकुणाला आठवत होती. शेवट मात्र तालमीतही कधी पुरा झाला नव्हता; दर वेळी त्या जागी आपलं भांडण व्हायचं. तो शब्दन् शब्द फक्त मला पाठ होता. कारण त्याच्याशी तीन वर्षं मीच भांडलो होतो.

मी म्हटलं, "नीलाताई, राक्षस मरणार नाही."

"अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात, मेला पाहिजे!"

"म्हणालो होतो. तेव्हा तो माझ्या ओळखीचा नव्हता."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मारायचा नसेल तर निदान लवकर जेवा. आरतीला उशीर झाला की लोक पार्किंगवरून चिडतात."

मला वाटलं होतं, बाजी मारली की आनंद होईल. फोन ठेवल्यावर मी उलटा हिशोब करायला बसलो. शेवट झाला तर तुझं राहिलेलं पुरं होणार. मग तू घुटमळणार कशासाठी?

पण करायचं तर होतंच.

*

या वेळी पाय बांधायला मी आरसा घेतला नाही. उजवा. खोलीत आलेल्या प्रत्येकाला विचारलं, हा उजवाच ना? लोक उत्तर देऊन घाईघाईने निघून गेले. फॉइल गुंडाळली, डोळा झाकला, हात छातीशी बांधला. दिव्यांच्या बटणांपाशी आयटीतला एक मुलगा होता, अतिशय जबाबदार. त्याचं कोपर कुठेही लागणार नव्हतं.

गेलो. टण, टण, टण. डावा पाय शहाण्यासारखा वागला. मुलगी घाबरली, आई खाली उतरली, टवका उडालेला सूर्य तिच्या मागे लटकत होता, पुठ्ठ्याचा. नीलाताईंनी कागदी ताटलीत दहीभात आणला, खरा, वर मिरची तळलेली. मी एका हाताने खाल्ला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. राक्षसाला जेवताना बघायची लोकांना सवय नसते. पहिला घास मी बाजूला काढून ठेवला होता, अग्नीला. अग्नी नव्हता. हीटर होता.

मग तुझी वाक्यं. मी विचारलं, "उद्या येऊ?"

आणि नीलाताई, ज्यांना तो राक्षस मेलेला हवा होता, त्या मी शिकवलेलं वाक्य तालमीपेक्षा फार हळू म्हणाल्या. "उद्या येऊ नकोस. आज पोटभर जेव."

मी मुलीचा जीव परत दिला. नारळ होता तो, लाल कपड्यात. आणि घरी निघालो. तू सांगितलं होतंस, जाताना अबाहीने वळून बघायचं नाही आणि घाई करायची नाही. एका पायावर तेवढं मोठं स्टेज पार करायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. टण. टण. मधे ती कड आली, जिथून मी मागच्या वेळी हवेत गेलो होतो. तिथे मी थांबलो.

मागे दिव्यांपाशी कुणीतरी हसायला हवं होतं. कान लावला. हीटरची घरघर, एका बाळाचं कुरकुरणं. वाटलं, पुन्हा मारावी उडी. पुन्हा पडलो तर शेवट पुन्हा राहील, आणि मग पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या. समोर पहिल्या रांगेत शाल, मोजे आणि मोज्यांवर जँडल्स दिसले. शिंदेआजी यंदा पुन्हा आल्या होत्या. त्या दिवशीचा तो आशीर्वाद चुकीच्या माणसाला गेला, हे मी इतके दिवस कुणाला म्हटलं नव्हतं. तुलाही नाही.

नाही मारली उडी. तू सांगितलंस तसा गेलो, न वळता, विंगेत.

टाळ्या पडल्या. बेताच्या. आरती वेळेवर झाली.

नंतर मी फॉइल सोलत बाहेर बसलो होतो. पाय सोडला होता तरी तो अजून दुमडलेलाच वाटत होता. आजी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन सुनेला बाजूला सारत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, तुझ्याबद्दल चार शब्द बोलतील. मी डोळे पुसायच्या तयारीत होतो.

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मागल्या टायमाला निदान पाया तरी पडला हुतास," त्या म्हणाल्या. "औंदा पोटभर जेवलास आन् तसाच निघालास. मेल्या, काय रीतभात हाय का न्हाई?"